मावशीने ठेवलेलं नाव

बेकरीत नव्याने लागलेल्या माणसाला जुनी माणसं पहिल्याच आठवड्यात एक शहाणपण शिकवायची. मावशीशी भांडायचं असेल तर तिचे हात पिठात असताना भांडून घ्यावं. कोपरापर्यंत हात पिठात गेले की मावशीला उत्तर देता येत नसे. भट्टीवाला तर मुद्दाम ती वेळ साधायचा. समोर उभा राहून, ओठ नीट दिसतील असे हलवत, कालचे पाव बसले ते तुझ्या मळण्यामुळेच, असं तो सांगून टाकायचा. मावशी थोडा वेळ सोसायची. मग दोन्ही हात पिठातून ओढून काढायची आणि असं काही उत्तर द्यायची की पिठाचे तुकडे चहूकडे उडायचे. बेकरीच्या भिंतींवर सुकलेल्या पिठाचे जे ठिपके होते, ती सगळी मावशीची उत्तरं होती. मालकाने भिंत एकदा रंगवून पाहिली आणि मग नाद सोडला.

मावशी जन्मापासून बहिरी. तिची भाषा हातांची, पण हातांबरोबर भुवया, गाल, खांदे, सगळेच कामाला लागायचे. गल्लीतली काही माणसं पाठीमागे तिला मुकी म्हणत. पण ज्याने तिला एकदा भाजीवाल्याशी हुज्जत घालताना पाहिलं, त्याच्या तोंडून तो शब्द पुन्हा निघाला नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची लेक, दोघीच. लेकीला ऐकू येत होतं, आणि आईची भाषा तर तिने दूध पितानाच उचलली होती.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक माडी होती. तिथे दर रविवारी बहिऱ्यांचं मंडळ भरायचं. खुर्च्या गोल मांडलेल्या असत, कारण कोणाची पाठ आड आली की बोलणं तुटतं. दिवे भर दुपारीही लावलेले. कोणाला हाक मारायची तर लाकडी जमिनीवर जोरात पाय आपटायचा. खालचा सायकलवाला आधी चिडायचा, नंतर गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगू लागला, की मी आयुष्यात एवढं गोंगाटाचं मंडळ पाहिलं नाही आणि वर एकालाही ऐकू येत नाही.

या मंडळात एक रीत होती. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदावर ठीक, पण ते हातांनी एकेक अक्षर करत सांगत बसलं तर गप्पा कधी मारायच्या? म्हणून प्रत्येकाला हातांचं एक वेगळं नाव मिळे. एका झटक्यात होणारं, आणि त्या माणसाकडे पाहताच जे डोळ्यांत भरतं त्यावरून ठेवलेलं. स्वतःचं नाव स्वतः ठेवायचं नाही, आणि एकदा पडलेलं बदलायचं नाही. हे नाव ठेवण्याचं काम मंडळाने कधीच मावशीवर सोपवून दिलं होतं. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत आपली आई फारसा फरक करत नाही, असं लेक म्हणायची. तिचं तसं म्हणणं साहजिकच होतं. ती तिशीला आली, पुलांचे नकाशे काढू लागली, तरी मंडळात तिचं नाव अजून 'अंगठा चोखणारी' हेच होतं. मावशी स्वतः 'दोन हनुवट्या'. शाळेत हे नाव पडलं तेव्हा दुसरी हनुवटी नुकती कुठे दिसू लागली होती. पुढे ती चांगली सुखाने नांदली.

मावशीला रक्तदाबाचा त्रास होता. त्यासाठी दर महिन्याला सरकारी दवाखान्यात जावं लागे, आणि तिथेच सगळं घोडं अडायचं. बाहेरच्या लांब खोलीत बाकं, समोर एक खिडकी, आणि खिडकीत नावं पुकारणारा माणूस. तो नाव पुकारायचा, थांबायचा, पुन्हा पुकारायचा, आणि कोणी उठलं नाही तर तो कागद ढिगाच्या तळाशी सरकवायचा. त्याला झुबकेदार मिशा होत्या आणि त्या वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्या ओठावरही थोडं अतिक्रमण करत. ओठ वाचून समजून घेणाऱ्या माणसाला अशा मिशा म्हणजे बंद दार. शिवाय तो खाली कागदात पाहून पुकारायचा. मंडळात त्याचं नाव अर्थातच 'मिशा'. मावशी एकदा एकटी गेली होती. डोळ्यांत तेल घालून त्या मिशांकडे पाहत सकाळपासून बसली, आणि दवाखाना बंद करायला शिपाई आला तेव्हा तो तिला बाकावर पाहून दचकला. तिचं नाव चार वेळा पुकारून झालं होतं.

म्हणून लेक बरोबर जायची. खिडकीपर्यंत हनुवटी पोचत नव्हती तेव्हापासून जात होती. आईच्या अंगात काय बिघडलंय, पाळी कधी आली, पोटात कुठे दुखतं, हे ती लहानगी डॉक्टरांना सांगायची आणि डॉक्टरांचं आईला. मावशीला ते कधीच आवडलं नाही. पण गरज पडली की आवडनिवड कोण विचारतो? वर्षं गेली, लेक मोठी झाली, नोकरीला लागली, आणि दर महिन्याला रजा टाकून आईबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसत राहिली.

एका संध्याकाळी लेक स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. आईला कळू नये म्हणून तिने पाठ वळवली होती. मात्र कपाटाच्या काचेत तिचं तोंड लख्ख दिसत होतं, हे ती विसरली. आयुष्यभर बहिऱ्या माणसाबरोबर राहून अशी चूक करावी, याचं मावशीला नंतरही नवल वाटत राहिलं. ओठांवरून सगळं कळत नाही, पण मावशीला पुरेसं कळलं. कंपनी दूरच्या शहरात एक मोठा पूल बांधणार होती, तिथे लेकीला बोलावलं होतं, आणि लेक नाही म्हणत होती. "आईचं इथे कोण ऐकणार?" हे वाक्य तर तिने दोनदा उच्चारलं.

फोन खाली ठेवून लेक वळली तर मावशी समोर उभी. मावशीने एका हाताने दाराकडे बोट केलं. जा. लेक म्हणाली, दवाखान्याचं काय करायचं? मावशी म्हणाली, दवाखाना बदलू. लेकीने कपाळावर हात मारला आणि सांगितलं, की दुसऱ्या दवाखान्यातही माणसं तोंडानेच पुकारतात.

"दुसरीकडे जाऊ असं कुठे म्हणाले मी?" मावशीचे हात शांत होते. "आहे हाच बदलू."

लेकीने कंपनीकडे थोडी मुदत मागून घेतली. तिचं म्हणणं सरळ होतं. आई एकटी दवाखान्यात जाऊन वेळेवर परत येते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी हलणार नाही. मावशीच्या जिवाला त्या दिवसापासून एकच घोर लागला. मुदत संपली आणि लेक राहिली, तर ती आपल्यामुळे राहिली असं होणार. लेक तसं कधी बोलून दाखवणार नाही, आणि तेच सगळ्यांत वाईट.

रविवारी मावशीने मंडळात पाय आपटला. मागणी अगदी साधी होती. खिडकीवर आकड्यांचा एक फलक लावा. प्रत्येकाला क्रमांक द्या, फलकावर आकडा आला की माणूस उठेल. बँकेत असतो, मग दवाखान्यात का नको? सगळ्यांचे हात एकदम बोलू लागले, कारण त्या बाकावर दिवस घालवला नाही असा तिथे एकही माणूस नव्हता. ठरलं असं, की दवाखाना ज्या आरोग्य समितीच्या ताब्यात आहे तिच्या सभेला सगळ्यांनी जायचं. सभा महिन्यातून एकदा, कोणीही जाऊन बसावं असा नियम, आणि शेवटी लोकांना बोलू देतात. आजवर तिथे फारसं कोणी जात नसे, कारण ती सभा पाहून शहाण्या माणसाला झोप येई.

समितीचे अध्यक्ष एका छापखान्याचे मालक होते. माणूस वाईट नव्हता. भाषणाची हौस आणि केसांची काळजी, एवढेच त्याचे दोष. डोक्यावर टक्कल पडलं होतं, पण डाव्या कानावरचे केस त्यांनी हातभर वाढवले होते. ते टकलावरून ओढून उजव्या कानापर्यंत नेऊन बसवलेले असत. सभागृहात डोक्यावर पंखा फिरायचा आणि वाऱ्याने केसांचा तो पडदा एका बाजूने उचलला जायचा. मग अध्यक्षांचा हात हळूच वर जाई आणि दोनदा थोपटून केस जागच्या जागी बसवी. अध्यक्षांनी 'आपण सभेला सुरुवात करू या' एवढं वाक्य पूर्ण करेपर्यंत मावशीने त्यांचं नाव ठेवून टाकलं होतं. तळहात डाव्या कानापासून डोक्यावरून उजव्या कानापर्यंत न्यायचा आणि शेवटी दोनदा थोपटायचं. मंडळाच्या रांगेत ते नाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं, आणि सगळ्यांना एकमताने पटलं.

पहिल्या सभेत मावशी बोलली, लेकीने तिचं बोलणं तोंडाने सांगितलं, आणि अध्यक्ष म्हणाले, विचार करू. दुसऱ्या सभेत ते म्हणाले, पुकारण्याची पद्धत पूर्वीपासून चालत आली आहे आणि खिडकीतल्या माणसाच्या भावनांचाही प्रश्न आहे. ज्यांना दोन्ही कानांनी ऐकू येतं ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडूनही देऊ शकतात, हे मावशीच्या तेव्हा लक्षात आलं. तिसऱ्या सभेत अध्यक्षांनी लेकीचं तोंडभरून कौतुक केलं. इतकी गुणी मुलगी आधाराला असताना यंत्राची गरजच काय, असं ते म्हणाले. सभागृहात काही माना हलल्या. लेकीला ते कौतुक स्वतःच हातांनी आईला सांगावं लागलं. मावशी घरी येईपर्यंत रस्ताभर बोलत होती, आणि रस्त्यातली माणसं बाजूला होऊन तिच्या हातांना वाट देत होती.

आणि या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. अध्यक्ष मंडळाकडे पाहत होते. रांगेतली ही माणसं आपल्याकडे पाहतात आणि प्रत्येक वेळी कानापासून कानापर्यंत हात नेऊन थोपटतात, हे त्यांनी टिपून ठेवलं होतं. विचार करून त्यांनी अर्थही लावला. ही यांची आदर दाखवण्याची रीत असणार, किंवा निदान 'अध्यक्ष महोदय' या शब्दाची खूण. माणूस हौशी. घरी आरशासमोर उभं राहून त्यांनी सराव केला.

चौथ्या सभेच्या आदल्या दिवशी लेकीला कंपनीचा फोन आला. आठवड्याच्या आत हो किंवा नाही ते कळवा, त्यापुढे थांबता येणार नाही. मावशीला हे ठाऊक होतं. 

सभा सुरू झाली. अध्यक्ष उठले, मंडळाच्या रांगेकडे वळले, आणि प्रसन्न हसून त्यांनी डावा कान ते उजवा कान असा हात फिरवून शेवटी ऐटीत दोनदा थोपटलं.

 मग सगळी रांग फुटली. बहिऱ्या माणसांना आपलं हसू किती मोठं आहे हे ऐकू येत नाही, त्यामुळे ते आवरण्याचा प्रश्नच नसतो. खुर्च्या हलल्या, मांड्यांवर हात पडले, एकाचा चष्मा जमिनीवर गेला. अध्यक्षांना वाटलं, केवढा आनंद झाला यांना. त्यांनी पुन्हा एकदा, अधिक लयीत, तेच केलं आणि मग लेकीला विचारलं, की जमलं ना बरोबर? आदराचाच अर्थ आहे ना याचा?

लेकीचा चेहरा उतरला. तिने आईकडे वळून भराभर हात हलवले. 'अध्यक्ष' असा अर्थ आहे म्हणून सांगते, ती म्हणाली.

"खरं सांग," मावशी म्हणाली.

"आज खरं सांगितलं तर फलक गेला, आई."

"मी बोलते तेच तू बोलायचं. पदरचं काही घालायचं नाही."

हे बोलून मावशी उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. आमच्यात नाव डोळ्यांना दिसेल त्यावरून पडतं. माझं नाव दोन हनुवट्या. या माझ्या लेकीचं अंगठा चोखणारी. या गृहस्थांचं वाकडं नाक, आणि ते नाक पाहा, वाकडं आहे. तुम्ही केलंत ते तुमचं नाव आहे, आणि ते तुमच्या केसांवरून आहे. लेक हे सारं तोंडाने सांगत होती, आणि शेवटच्या शब्दांपर्यंत येताना तिचा आवाज इतका लहान झाला की मागच्या लोकांना पुढे झुकावं लागलं.

 पंख्याने नेमका तेव्हाच केसांचा पडदा उचलला. अध्यक्षांचा हात सवयीने वर गेला आणि अर्ध्यावर थबकला. नवऱ्याचा सराव सभेत कसा उतरतो ते पाहायला येऊन पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नीला तेवढं पुरलं. तोंडावर रुमाल धरूनही तिचं हसू बाहेर आलं.

"मी हे इतकी वर्षं तोंडाने सांगतेय," ती म्हणाली, "तर यांना ऐकू येत नव्हतं."

मग कोणालाच आवरलं नाही. समितीचे सदस्य टेबलावर डोकी टेकून हसले. दवाखान्याचे मोठे डॉक्टर एरवी सभेत फक्त घड्याळ पाहायचे, तेही डोळे पुसत होते. एकटे अध्यक्ष हसत नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, की हे नाव कोणी ठेवलं. मावशीने स्वतःकडे बोट केलं. कधीपासून? पहिल्या सभेपासून. आणि हे इथे कोणाकोणाला माहीत होतं? मंडळाच्या रांगेतले सगळे हात वर गेले. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाचाही हात थोडा वर गेला आणि लगेच खाली आला.

अध्यक्ष हळूहळू म्हणाले, "म्हणजे इतके महिने माझं नाव घेतलं जातंय, खोलीतल्या सगळ्यांना ते कळतंय, आणि मला एकट्याला पत्ता नाही?"

लेकीने ते आईला सांगितलं. मावशीने मान हलवली.

"हो," ती म्हणाली. "दवाखान्यात माझं असंच होतं."

 मावशी तेवढ्यावर थांबली नाही. थांबणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तुम्ही मागच्या वेळी माझ्या लेकीचं कौतुक केलंत, ती म्हणाली. ते खरं आहे. ती लहान असल्यापासून माझे कान झाली. पण मी कान मागितले नव्हते. मला लेक हवी होती. तिला दूरच्या गावी पूल बांधायला बोलावलंय आणि माझं नाव कोण ऐकेल म्हणून ती जात नाही. फलक लावा, म्हणजे माझी लेक मला परत मिळेल आणि तिचं काम तिला मिळेल.

दुभाष्याला दुसऱ्याचं बोलणं 'मी' म्हणूनच बोलावं लागतं. त्यामुळे 'मला लेक हवी होती' हे वाक्य लेकीला भरल्या सभेत, आपल्याच तोंडाने म्हणावं लागलं. आईने हे तिला घरात कधी सांगितलं नव्हतं. वाक्य अर्धं झालं आणि तिचा आवाज फुटला. पदरचं काही घालायचं नाही, म्हणून तिने डोळे पुसले नाहीत, उरलेलं बोलणं पुरं केलं, आणि मगच खाली बसली. मावशीने तिचा हात हातात घेतला, आणि त्यामुळे काही वेळ दोघींनाही बोलता येईना.

अध्यक्षांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, फलकाचा विषय मतास टाकतो. आणि कोणी काही म्हणायच्या आत पहिला हात त्यांचाच वर गेला. मागोमाग बाकीचे गेले. मंडळाने आपल्या पद्धतीने टाळ्या वाजवल्या, म्हणजे सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. समितीलाही काय वाटलं कोण जाणे, तिनेही टेबलामागे हात वर करून पंजे हलवले. सभेच्या इतिहासात असं काही झालं नव्हतं.

त्यानंतर सभा अशी राहिलीच नाही. मोठ्या डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन विचारलं, की आम्हालाही नावं आहेत का. आहेत म्हटल्यावर सगळे आपापलं नाव विचारायला उभे राहिले. डॉक्टर 'घड्याळ पाहणारे' निघाले, सचिवबाई 'डुलकी'. सचिवबाईंना ते मान्य नव्हतं, बाकी सर्वांना होतं. अध्यक्षांनी जाता जाता मावशीला गाठून विचारलं, की मी हे केस कापून टाकले तर नाव बदलेल का. मावशीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने नाही म्हणून सांगितलं. पुढे त्यांनी खरंच केस कापले. पत्नीच्या मते ते दहा वर्षांनी तरुण दिसू लागले. नाव तेच राहिलं, आणि स्वतःची ओळख करून देताना ते थोपटायला विसरत नसत.

फलक चारच दिवसांत लागला. खिडकीवर काळी चौकट आणि तीत लाल आकडे. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की फक्त बहिऱ्यांचीच सोय झालेली नाही. रडतं मूल घेऊन आलेल्या बायका, कानाने मंद झालेली आणि ते कबूल न करणारी म्हातारी माणसं, सगळे निवांत बसू लागले. मिशावाला काही दिवस रुसला, सवयीने आकडेही ओरडून पुकारत राहिला, आणि मग घसा बरा वाटतोय असं म्हणू लागला.

कंपनीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी मावशी दवाखान्यात एकटी गेली. लेक रस्त्यापलीकडच्या दुकानात घड्याळ पाहत बसली. मावशीच्या शेजारी मंडळातलीच एक मैत्रीण येऊन बसली. आजवर दवाखान्यात दोन बहिऱ्या बायका कधी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. बोलायचं तर एकमेकींकडे पाहावं लागतं, आणि पाहिलं की मिशा नजरेआड. आता धास्ती नव्हती. मैत्रिणीच्या सुनेचा विषय निघाला आणि तो असा रंगला की मावशीचा आकडा फलकावर आला, लखलखला आणि गेला. आत जायला तिला उशीर झाला. डॉक्टरांनी विचारायचं ते कागदावर लिहून विचारलं. अक्षर डॉक्टरांचंच होतं, तेव्हा मावशीने ते दोनदा त्यांच्याकडूनच पुन्हा लिहून घेतलं.

बाहेर लेक घाबरून उभी होती. काय झालं, फलक बंद पडला का?

"फलक चालू होता," मावशी म्हणाली. "मी गप्पा मारत होते."

लेक फुटपाथवर उभी राहून इतकी हसली की हसता हसता रडू लागली. त्या संध्याकाळी तिने बॅग काढली.

स्टेशनवर निरोपाची गर्दी होती. गाडीच्या खिडक्यांच्या काचा न उघडणाऱ्या. दारं बंद झाली आणि फलाटावरच्या सगळ्यांचं बोलणं एकदम तुटलं. लोक काचेला तोंड लावून ओरडत होते, आतले कानाकडे बोट करून माना हलवत होते. मावशीचं आणि लेकीचं मात्र छान चाललं होतं. वेळेवर जेव, पुलाच्या कडेला वाकून पाहू नकोस, तिथल्या बायकांचे चेहरे नीट पाहून ठेव म्हणजे मला नावं ठेवता येतील.

शेजारी एक गृहस्थ कासावीस झाले होते. त्यांची मुलगी आत बसली होती आणि काचेमागून त्यांचाच फोन हलवून दाखवत होती. सामान ठेवताना तो आतच राहिला होता. गृहस्थ ओरडत होते आणि मुलीला काही ऐकू येत नव्हतं. मावशीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मिशा नव्हत्या. पुढच्या स्टेशनवर मास्तरांकडे देऊन ठेव, मी घेतो, असं ते म्हणत होते. मावशीने काचेवर टकटक केलं आणि लेकीला ते हातांनी सांगितलं. लेकीने मागे वळून त्या मुलीला तोंडाने सांगितलं. मुलीने मान डोलावली, काहीतरी बोलली, लेकीने ते हातांनी बाहेर पाठवलं, आणि मावशीने गृहस्थांचा दंड धरून त्यांना म्हातारी, चमचा आणि बाटली करून दाखवली. आजीचं औषध विसरू नका. गृहस्थांना ते लगेच कळलं.

त्यांनी मावशीचे आभार मानायला सुरुवात केली, बरंच काही बोलले, आणि ती उत्तर का देत नाही हे न कळून पुन्हा बोलले. मावशीने आपल्या कानाकडे बोट केलं आणि मान हलवली. गृहस्थ तिच्याकडे, मग काचेकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना समजावून सांगायला मावशीला वेळ नव्हता. गाडी हलली होती, आणि ती गाडीबरोबर चालत होती, कारण लेकीला अजून दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या.